तुरुंगाचे दार आणि लोकांचे नवल

वडखळच्या नाक्यावर उभे राहिले म्हणजे दोन रस्ते आमच्या आजच्या विषयाकडे नेतात. एक पश्चिमेस, धरमतरची खाडी ओलांडून अलिबागेस जातो. त्याच्या टोकाला समुद्रात आंग्र्यांचा कुलाबा किल्ला आहे. त्या किल्ल्यात १७७६ साली एक मनुष्य पकडला गेला. तो पंधरा वर्षांपूर्वीच मेला होता, असे अर्धी पेशवाई म्हणत होती. आणि तो मेलेलाच नाही, असे उरलेली अर्धी म्हणत होती. दुसरा रस्ता उत्तरेस पेणवरून, कर्नाळ्याच्या सुळक्याखालून पनवेलीस जातो. त्यावर शिरढोण हे गाव लागते. तेथे जन्मलेल्या एका पुरुषाने अरबस्थानच्या टोकाला, एडनच्या तुरुंगात, आपल्या कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उचलून बाजूस ठेवले. दोन्ही गोष्टी तुरुंगाच्या. दोहोंभोवती लोकांनी अद्भुताचे वलय उभे केले. ते वलय काढून टाकले म्हणजे आत काय उरते, हे पाहण्याचा आमचा विचार आहे.

हा विषय सुचण्यास एक निमित्त घडले, तेही सांगून टाकतो. घरोघरची तरुण मंडळी हल्ली जपानी चित्रमालिका मोठ्या आवडीने पाहतात. त्यांत २०११ साली प्रसारित झालेली ‘डेडमॅन वंडरलँड’ नावाची एक बारा भागांची मालिका आहे. भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या टोकियोत एक तुरुंग. तो सरकारचा नव्हे, खासगी मालकीचा, आणि जत्रेसारखा चालविलेला. लोक तिकीट काढून कैद्यांचे जीवघेणे खेळ पाहावयास येतात. फाशीच्या कैद्याच्या गळ्यात एक पट्टा असतो. तो अंगात सतत विष सोडीत राहतो, आणि दर तीन दिवसांनी उताऱ्याची एक गोळी खाल्ली नाही तर मनुष्य मरतो. म्हणजे कुलूप दाराला नाही, रक्तातच आहे. आणि काही कैद्यांना अशी विद्या प्राप्त झालेली की, त्याच रक्ताचे ते शस्त्र करतात. कथानायक गांता हा शाळकरी मुलगा; वर्गसोबत्यांच्या खुनाचा खोटा आळ येऊन तो तेथे पडला आहे. वडील मंडळी या प्रकाराला नाक मुरडतात. आम्हांस मात्र तो फारसा परका वाटला नाही. निरपराध कैदी, क्रूर मालक, पहारा आणि पहाऱ्याला न जुमानणारी एखादी शक्ती, हे सारे साहित्य आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे.

गोकुळाष्टमीच्या कीर्तनात आपण काय ऐकतो? मथुरेचे बंदिगृह, वसुदेवाच्या पायांतील बेड्या, दारावर कंसाचे पहारेकरी. मध्यरात्री बेड्या गळतात, पहारेकऱ्यांस झोप लागते, दारे आपोआप उघडतात, यमुना वाट देते. तुरुंगातून सुटण्याची ही आमची मूळ कथा. मराठी मनुष्य कोणत्याही बंदिवानाची हकीकत ऐकू लागला की, त्याच्या कानाच्या मागे कोठेतरी ही कथा वाजतच असते. पुराणाला ते शोभते. त्याबद्दल आमची तक्रार नाही. इतिहासात मात्र दारे आपोआप उघडत नाहीत. कोणीतरी ती उघडतो. तो कोण, हे विचारणे इतिहासाचे काम.

आता आग्र्याकडे वळू. १२ मे १६६६ रोजी शिवाजीमहाराज औरंगजेबाच्या दरबारात गेले, अपमान सहन न होऊन तेथून बाहेर पडले, आणि त्यानंतर त्यांच्या मुक्कामाभोवती शहर कोतवाल फुलादखान याची चौकी बसली. १७ ऑगस्टला महाराज निसटले. मिठाईच्या पेटाऱ्यांची गोष्ट शाळेतील पोरालाही ठाऊक आहे. राजाराममहाराजांच्या काळी जिंजीस लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत त्यापुढची एक हकीकत आहे, तिकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. कोतवाल बादशहापुढे उभा राहतो आणि सांगतो की, राजा खोलीतच होता, आम्ही वरचेवर जाऊन पाहत होतो, तो एकाएकी दिसेनासा झाला; धरणीत शिरला की आकाशात गेला, हे आम्हांस कळत नाही.

हे वाक्य प्रथम कोणी उच्चारले ते पाहा. महाराजांच्या कोणा भक्ताने नव्हे, भाटानेही नव्हे. ते पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याच्या तोंडी आहे. कैदी चमत्काराने गेला असे म्हटले की, चौकी ढिली होती हे कबूल करावे लागत नाही. आमचा तर असा समज झाला आहे की, तुरुंगाच्या कथेतील चमत्कार बहुधा पहारेकऱ्याच्या घरी जन्मतो आणि मग कैद्याच्या घरी दत्तक जातो. ज्याची मान अडकलेली असते तो प्रथम देवाचे नाव घेतो. पुढे आम्ही भाविक मंडळी तीच सबब उचलतो आणि तिचे स्तोत्र करतो.

त्यात तोटा काय, असे कोणी विचारील. तोटा असा की, माणसे वगळली जातात. पलंगावर शाल पांघरून निजलेला हिरोजी फर्जंद वगळला जातो. त्याहून अधिक वगळले जातात ते त्र्यंबक सोनदेव आणि रघुनाथ बल्लाळ. हे महाराजांचे वकील मागे सापडले, कैदेत पडले, आणि त्यांनी मोगलांचा मार सोसला. पुढल्या वर्षी त्यांची सुटका झाली. महाराज आकाशमार्गे गेले असे मानले, तर या दोघांनी मार कशासाठी खाल्ला?

आता अलिबागच्या रस्त्याने चला. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पडले. त्यांच्या देहाची ओळख पटण्याविषयी घोळ झाला. शीर एकीकडे, धड एकीकडे, अशा वार्ता आल्या. पुण्यात पार्वतीबाईंनी आपले कुंकू पुसले नाही. १७८३ साली त्यांचे निधन झाले तोवर, म्हणजे बावीस वर्षे, पती परत येईल या आशेवर त्या सौभाग्यवती म्हणून राहिल्या. एका घरातील हे दुःख. पण त्या साली महाराष्ट्रात असे घर नव्हते म्हणावे लागेल, की जेथे कोणी ना कोणी गेलेला परत येण्याची वाट पाहिली जात नव्हती. मृत मनुष्य परत येणे हा जपानी मालिकेतील खेळ असेल. पानिपतानंतरच्या मराठी घरांत ती रोजची प्रार्थना होती.

अशा हवेत उत्तरेकडून एक मनुष्य आला आणि मीच भाऊ म्हणू लागला. तो सुखनिधान नावाचा कनोजा ब्राह्मण होता, असे चौकशीत निघाले. थोरल्या माधवरावांनी त्याची चौकशी करविली, त्याच्याकडून कबुली घेतली, आणि त्याला मारले नाही, किल्ल्यावर कैदेत ठेवले. मारले का नाही? चुलतीच्या मनाचा विचार त्यांनी केला असावा असे आम्हांस वाटते. पण हा आमचा तर्क आहे. एका किल्ल्यावरून दुसऱ्या किल्ल्यावर असे करीत तो कैदी अखेर रत्नागिरीस आला. तीन बाजूंनी समुद्र, वर भगवतीचे देऊळ आणि भोवती भक्कम तट, अशी ती जागा. कैदी निसटण्यास यापेक्षा कठीण ठिकाण कोकणात शोधून सापडणार नाही.

तो निसटलाच नाही. त्याला सोडण्यात आले. रत्नागिरीचा अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे याने १७७६ च्या आरंभी कैद्यालाच धनी मानले, आणि किल्ल्याचे दार आतून उघडले. येथे बेडी कोणत्याही मंत्राने गळली नाही. पहारेकऱ्याचा पक्ष बदलला, एवढेच झाले. तो का बदलला हे पाहण्यास त्या वेळचे राजकारण ध्यानात घेतले पाहिजे. नारायणरावांचा खून १७७३ साली झाला. गादीवर दोन वर्षांचे मूल. राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयास. नाना फडणीस आणि सखारामबापू कारभार पाहत होते, आणि मार्च १७७६ मध्ये पुरंदरचा तह होत होता. पुण्यात धनी कोण, हेच ज्याला नीट कळत नाही, त्या दूरच्या किल्ल्यावरील अधिकाऱ्याला घरातला जुना, कर्ता, पानिपतचा सेनापती जिवंत असणे केवढे सोयीचे! त्याने विश्वास ठेवला की सोय पाहिली, याचा निवाडा दोनशे वर्षांनंतर करीत बसण्यात अर्थ नाही. कित्येकदा मनुष्याला स्वतःलाही ते उमगत नाही.

मग जे घडले ते कोणत्याही चित्रमालिकेला हार जाणारे नाही. काही महिन्यांत कोकणातील किल्ल्यामागून किल्ले तोतयाच्या हाती आले. हजारो लोक त्याच्या निशाणाखाली जमले. काल ज्याला तुरुंगात कदान्न मिळत होते तो आज पालखीतून हिंडू लागला आणि घाट चढून पुण्यावर चालून जाण्याची भाषा करू लागला. बोरघाटापर्यंत त्याची फौज आली. तेव्हा महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी त्याचा मोड केला. तो समुद्राकडे पळाला आणि आसऱ्यासाठी कुलाब्यास आला. तेथे राघोजी आंग्रे यांनी त्याला धरून पुण्यास पाठविले.

राघोजींचे कौतुक फारसे कोणी केलेले नाही. आम्हांस ते करावेसे वाटते. दाराशी आलेल्या माणसाला भाऊ मानून उभा कोकण हादरविता आला असता, आणि इंग्रज मुंबईत टपलेलेच होते. आंग्र्यांनी तो मोह टाळला. पुण्यास पुन्हा पंच बसले, पुन्हा भाऊंना ओळखणाऱ्यांच्या साक्षी झाल्या. निवाडा पूर्वीचाच झाला आणि १७७६ च्या अखेरीस तोतयाला देहान्त शिक्षा मिळाली. त्याला मिळालेल्यांसही जबर शासन झाले. पुढे नरसिंह चिंतामण केळकरांनी या प्रकरणावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले. पार्वतीबाईंनी मात्र या निवाड्यानंतरही कुंकू पुसले नाही. पंचांचा निकाल एका मनुष्यापुरता होता. त्यांची आशा त्या निकालात बसणारी नव्हती. लोकांनीही ती सोडली नसावी. तोतया खोटा ठरला, म्हणजे खरे भाऊ अजून कोठेतरी आहेत, असाही अर्थ त्यातून काढता येतो, आणि माणसे असा अर्थ काढतातच.

ठाण्याची गोष्ट निराळ्या जातीची आहे. ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी बांधावयास घेतला, १७३७ साली तो मराठ्यांनी जिंकला आणि १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी तो घेतला. आज तेथे मध्यवर्ती कारागृह आहे. दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे याला १८१५ साली, गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या पंढरपूर येथील खुनाबद्दल, येथे कैदेत ठेवण्यात आले. इंग्रजांनी पुष्कळ खबरदारी घेतली. एतद्देशीय शिपाई फितूर होतील या भीतीने पहाऱ्यावर सारे गोरे सोजीर नेमले. खबरदारीची ही कमाल होती, आणि तीच त्यांना नडली. किल्ल्यातील एका इंग्रज अंमलदाराकडे एक मराठा मोतद्दार चाकरीस राहिला. तो कोठडीच्या खिडकीखाली घोड्याला खरारा करी आणि करता करता गाणे म्हणे. घोडा कोठे उभा आहे, सोबती कोठे थांबले आहेत, हे सारे त्या गाण्यात असे. सोजीर ते ऐकत होते. त्यांना ते काळ्या माणसाचे गुणगुणणे वाटे. १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री त्रिंबकजी नाहीसा झाला. बिशप हेबर याने आपल्या प्रवासवृत्तात ही गोष्ट नोंदविली आहे. त्रिंबकजी पुन्हा सापडल्यावर गंगाकाठच्या चुनारच्या किल्ल्यात होता, तेथे हेबरने त्याला पाहिलेही.

त्रिंबकजी हा काही पूजा करावी असा पुरुष नव्हे. त्याच्या सुटकेने महाराष्ट्राचे बरे झाले असेही नाही. तो डोंगरात माणसे जमवू लागला, त्यावरून एल्फिन्स्टनने बाजीरावाचा गळा धरला, आणि १८१७ साली सिंहगड, पुरंदर व आपला रायगड हे किल्ले इंग्रजांकडे तारण द्यावे लागले. पण त्या मोतद्दाराचे आम्हांस राहून राहून नवल वाटते. त्याचे नाव सर्वतोमुखी झाले नाही. त्याच्याजवळ ना शस्त्र, ना मंत्र. त्याच्याजवळ फक्त मराठी भाषा होती, आणि ज्यांना ती येत नाही अशा लोकांनी त्याच्यावर पहारा ठेवला होता. कोठल्याही देवाने पहारेकऱ्यांस झोप आणण्याचे कारण उरले नाही. ते जागेच होते, आणि बहिरे होते.

आता शिरढोण. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ चा. त्यांचे आजोबा अनंतराव कर्नाळ्याचे किल्लेदार होते. १८१८ साली तो किल्ला इंग्रजांकडे गेला. नातू पुण्यास लष्करी हिशेबाच्या कचेरीत कारकून झाला. आई आजारी असता रजा वेळेवर मिळाली नाही आणि तिची भेट झाली नाही, हा घाव त्यांच्या मनात राहिला. पुण्यात रानड्यांची व्याख्याने चालत. देशाचा पैसा कसा बाहेर जातो, स्वदेशी व्यापार कसा बुडाला, हे ते आकड्यांनिशी समजावून देत. फडके ती ऐकत. रानडे घरी जाऊन पुढच्या व्याख्यानाची तयारी करीत असतील; हा श्रोता तालीमखान्यात गेला. व्याख्यानमालेच्या पुस्तकात हे लिहिताना आम्हांस जरा बिचकल्यासारखे होते. व्याख्यानातील शब्द इतक्या अक्षरशः घेणारा श्रोता आजच्या चालकांना परवडेल का?

१८७६-७७ चा दुष्काळ त्यांनी डोळ्यांनी पाहिला. फेब्रुवारी १८७९ मध्ये रामोशी सोबत्यांसह बंड सुरू झाले. मे महिन्यात दौलतराव नाईकाच्या टोळीने पनवेलजवळ पळस्पे येथे मोठा दरोडा घातला; हे ठिकाण येथून मुंबईस जाताना वाटेवरच लागते. घाटावर परतताना दौलतराव मारला गेला. फडके त्यापूर्वीच मन खिन्न होऊन श्रीशैल मल्लिकार्जुनास गेले होते. देवापुढे प्राण अर्पावा असा त्यांचा विचार होता. तेथे त्यांनी आपले आत्मचरित्र लिहिले. देवाने काही चमत्कार केला नाही. ते उठले आणि पुन्हा माणसे जमविण्यास निघाले. जुलै १८७९ मध्ये विजापूरकडील देवर नावदगी या गावी, देवळात निजले असता, मेजर डॅनियल आणि हैदराबादचे पोलीस अधिकारी अब्दुल हक यांनी त्यांना पकडले. पुण्यातील खटल्यात सार्वजनिक काका त्यांच्या बाजूने उभे राहिले. श्रीशैलास लिहिलेले ते आत्मचरित्र त्यांच्याविरुद्धच पुरावा झाले. शिक्षा जन्मठेप काळ्या पाण्याची. पुण्याहून ठाण्यास, आणि जानेवारी १८८० मध्ये ठाण्याहून बोटीने एडनला.

एडन त्या वेळी मुंबई इलाख्याच्या कारभाराखाली होते. गाव जुन्या ज्वालामुखीच्या मुखात वसलेले. भोवती काळे, बोडके डोंगर, पुढे समुद्र, मागे वाळवंट. तेथील तुरुंगातून फडके निघाले. कसे निघाले? दाराला कुलूप होते, ते त्यांनी तोडले नाही. दार ज्या बिजागऱ्यांवर लटकत होते त्यांतून ते उचलून काढले. तालमीत कमावलेले बाहू आणि कुलुपाकडे न पाहता बिजागरीकडे पाहणारी दृष्टी, एवढेच येथले अद्भुत. येथे ज्यांना दैवी शक्तीची आठवण होते त्यांना आम्ही नम्रपणे सांगू इच्छितो की, त्या पुरुषाची तालीम आपण त्याच्याकडून काढून घेत आहात.

आणि चमत्कार मानला की दुसरा, अधिक कडू प्रश्न विचारताच येत नाही. तुरुंगाबाहेर पडलेले फडके लवकरच पुन्हा सापडले. का? ठाण्यास त्रिंबकजीसाठी खिडकीखाली मोतद्दार होता. रत्नागिरीत तोतयासाठी किल्ल्याचा अधिकारीच होता. आग्र्यास हिरोजी होता. १९१० साली मार्सेलिसच्या बंदरात सावरकरांनी बोटीतून उडी घेतली, तेव्हा बाहेरचे सोबती वेळेवर पोचले नाहीत आणि काही मिनिटांत सारे संपले. एडनला तर कोणी येणारच नव्हते. दार उघडल्यावर फडक्यांपुढे जो मुलूख पसरला होता, त्यात त्यांचे एकही माणूस नव्हते. वाट विचारावी तर भाषा परकी. लपावे तर झाड नाही. चेहरा आणि कपडे दुरूनच ओळखू येणारे. ठाण्यात पहारेकऱ्यांना कैद्याची भाषा येत नव्हती म्हणून तो सुटला. एडनला कैद्याला गावाची भाषा येत नव्हती. सरकारने त्यांना अंदमानास न पाठविता एडनला का पाठविले, याचा विचार करताना हेही लक्षात घेतले पाहिजे. तटाची उंची तेथे फारशी महत्त्वाची नव्हतीच. तो सारा मुलूखच तट होता.

पुण्यात त्यांना गाडीतून नेत असता लोकांची गर्दी होई, जयजयकार होई. त्या गर्दीतला एकही मनुष्य एडनच्या वाळूपर्यंत पोचू शकत नव्हता, आणि पोचण्याची कोणी खटपट केल्याचे दिसत नाही. पुढे सुशिक्षितांनी या बंडापासून आपले अंग पुष्कळसे चोरून घेतले. सार्वजनिक काकांसारखा एखादाच उघडपणे उभा राहिला. रामोशी सोबती तर बव्हंशी विस्मृतीतच गेले. मनुष्य एकटा पडला हे मान्य करण्यापेक्षा त्याला अवतारी पुरुष म्हणणे सोपे असते; अवताराला सोबत्याची गरज नसते.

पुन्हा पकडल्यावर पहारा अधिक कडक झाला. शरीर खचत गेले. त्यांनी अन्न टाकले असे चरित्रकार सांगतात. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगातच त्यांचा अंत झाला. वय सदतीस वर्षांचे होते.

१९८४ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. शिरढोणला त्यांचे घर आहे, स्मारक आहे. वडखळहून पनवेलीस जाणाऱ्या गाडीतून कर्नाळ्याची खिंड उतरली की ते गाव येते, आणि मागे वळून पाहिले तर त्यांच्या आजोबांनी सांभाळलेल्या किल्ल्याचा सुळका झाडांच्या वर उभा दिसतो.